मोफत हृदय तपासणीला मी ८६,००० रुपये मोजले

माझे धाकटे दीर ४९ व्या वर्षी गेले. रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, घर शांत झालं, आणि त्याच आठवड्यात माझ्या छातीत धडधड सुरू झाली.

मी ४७ वर्षांची. विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते, फोर्टात एका ऑफिसात अकाउंट्सचं काम बघते. रात्री डाव्या कुशीवर वळले की छातीत काहीतरी उडी मारल्यासारखं व्हायचं. एक ठोका गायब, मग धप्पकन एक जोराचा. पोटात खड्डा पडायचा. मग अंधारात मनगटावर बोटं ठेवून मी ठोके मोजत बसायचे. ९२, ९६, १०४. जितकं मोजावं तितके वाढायचे. बसून असताना मिनिटाला ६० ते १०० ठोके पडणं सर्वसाधारण असतं, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. डोळ्यांसमोर भाऊजींचा चेहरा यायचा. सकाळच्या लोकलमध्ये दादरला गर्दी आत लोटली की वाटायचं, आता इथेच पडले तर कुणाला कळणारही नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. नॉर्मल आला. त्यांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची तपासणी लिहून दिली आणि पाळीबद्दल विचारलं. पाळी वर्षभर बिघडलेलीच होती, आठ-आठ दिवस अंगावर जायचं. पण हृदयाच्या तक्रारीत हे कशाला विचारतात, असं वाटून मी तो विषय टाळला. चिठ्ठी पर्सच्या कप्प्यात गेली आणि चार महिने तिथेच राहिली. हे सगळं लिहायला मी बसले ते मुख्यतः त्या चिठ्ठीमुळे.

ऑगस्टमध्ये सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला. रविवारी हॉलमध्ये मोफत हृदय तपासणी शिबिर, चाळिशीपुढच्या सर्वांनी लाभ घ्यावा. सेक्रेटरींनीच टाकलेला निरोप, त्यामुळे शंका घ्यायचं कारण नव्हतं. मी सकाळी नऊलाच नंबर लावला. हे आले नाहीत. म्हणाले, मला काही होत नाही, तूच जा.

टेबलावर लॅपटॉप, त्याला वायरने जोडलेली एक छोटी पेटी, आणि पेटीतून निघालेली धातूची नळी. ती हातात घट्ट धरायची. एका मुलीने नाव, वय, उंची, वजन टाकलं. मिनिटभर पडद्यावर रंगीत रेघा नाचल्या आणि प्रिंटरमधून रिपोर्ट निघाला, सदतीस पानांचा. हृदय, यकृत, किडनी, हाडं, जीवनसत्त्वं, सगळं एका नळीतून. सुई नाही, रक्त नाही, जेलही नाही. या यंत्राला कुणी क्वांटम अ‍ॅनालायझर म्हणतं, कुणी बॉडी स्कॅनर. नाव वेगळं असेल पण हातात धरायची नळी आणि जाडजूड रिपोर्ट दिसला तर ओळखा.

पांढरा कोट घातलेल्या गृहस्थांनी मला बाजूला बसवलं. धडधडीबद्दल मी सांगितलं. त्यांनी रिपोर्टवर लाल पेनाने गोल केला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, डाव्या धमनीत ६२ टक्के ब्लॉकेज आहे. बरोबर कुणी आलंय का?"

मी म्हटलं, ईसीजी तर नॉर्मल होता.

"ईसीजी किती सेकंदांचा असतो माहीत आहे? दहा. दहा सेकंदांत काय कळणार? ईसीजी नॉर्मल असलेल्या माणसालाही अटॅक येतो."

ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. साधा ईसीजी खरोखरच सुमारे दहा सेकंदांची नोंद घेतो, आणि तो नॉर्मल असताना रक्तवाहिनीत अडथळा असू शकतो. या खऱ्या वाक्यांच्या पाठीवर बसून तिसरं खोटं वाक्य आलं, आणि मी तेही गिळलं. ते म्हणाले, हे यंत्र ईसीजीला न दिसणारं दाखवतं. पुढचं सगळं ठरलेलं असावं. मोठ्या हॉस्पिटलात गेलात तर अँजिओग्राफीच्या टेबलावर घेऊन सरळ बायपास सांगतील. आमच्याकडे चिरफाड नाही, सलाइनमधून नसा साफ करतो. बारा आठवड्यांत चोवीस सलाइन, सोबत काढा आणि चुंबकाचा पट्टा. एक लाख दहा हजार, आज नाव नोंदवलं तर ८६,०००. "विचार करायला वेळ घ्या, पण पंधरा दिवसांत काही झालं तर आमच्याकडे बोट दाखवू नका."

त्या रात्री छाती इतकी धडधडली की मी ह्यांना उठवलं. सोमवारी मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी ठेवलेली एफडी मोडली.

सेंटर घाटकोपरला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. आठ खुर्च्या, आठ सलाइनचे स्टँड. बाटलीवर कागद चिकटवलेला, त्यावर फक्त पेशंटचं नाव. आत काय आहे विचारलं तर "डिटॉक्स" एवढंच उत्तर. नंतर आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की नसा साफ करण्याच्या नावाखाली बऱ्याच ठिकाणी ईडीटीए नावाचं औषध देतात. शिशाची विषबाधा झालेल्या रुग्णांसाठी त्याचा उपयोग होतो. चुकीच्या प्रकारे किंवा वेगाने दिलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं, आणि त्याने हृदयाची लय बिघडून जिवावर बेतू शकतं. लयीच्याच तक्रारीसाठी गेलेल्या बाईला हे टोचलं जात असेल, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

पहिले दोन आठवडे मला बरं वाटलं, हेही प्रामाणिकपणे सांगते. कुणीतरी माझं ऐकत होतं, खुर्चीत बसवून पाय वर घ्यायला लावत होतं, "सुधारणा आहे" म्हणत होतं. मी रात्री नाडी मोजणं कमी केलं आणि ठोकेही कमी झाले. मग ऑफिसात एक दिवस जिना चढताना दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि सगळं पहिल्यापेक्षा जोरात परत सुरू झालं. सेंटरवाले म्हणाले, घाण बाहेर पडतेय, त्याचीच लक्षणं आहेत. आणखी सहा सलाइन वाढवावी लागतील.

शेजारच्या खुर्चीत लालबागचे एक आजोबा असायचे. गिरणीत होते, संपानंतर मिळेल ते काम केलेले. पाच वर्षांपूर्वी त्यांना स्टेंट, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवलेली. एकदा सहज म्हणाले, "पोरी, इथे आल्यापासून ती रक्त पातळ करायची गोळी बंद केली. साहेब म्हणाले, दोन्ही एकत्र नको." मी मान डोलावली. मला वाटलं, बरंय की, गोळ्या सुटल्या.

अकराव्या सलाइनला फेरतपासणी झाली. पुन्हा तीच नळी, तोच प्रिंटर. ब्लॉकेज ५७ टक्क्यांवर आलं होतं. रिपोर्ट घरी आणला. मुलगी बारावी सायन्सला. ती पानं उलटत होती आणि एकोणिसाव्या पानावर थांबली.

"आई, तुझी प्रोस्टेट ग्रंथी सौम्य प्रमाणात वाढली आहे, असं लिहिलंय."

प्रोस्टेट फक्त पुरुषांना असते. आधीच्या पेशंटचं वय आणि लिंग खोडायचं लॅपटॉपवर माहिती टाकणाऱ्या मुलीकडून राहून गेलं होतं. म्हणजे नळी काहीच वाचत नव्हती. वय, उंची, वजन आणि स्त्री की पुरुष एवढं टाकलं की यंत्र आकडे रचून देत होतं. दुसऱ्या दिवशी मी मुलीला घेऊन सेंटरवर गेले आणि योग्य माहिती टाकून पुन्हा तपासायला लावलं. तोच हात, तीच नळी. ब्लॉकेज ३८ टक्के आलं. एका दिवसात, एकही सलाइन न घेता. मी त्यांच्याकडे बघत राहिले. पांढरा कोटवाले म्हणाले, "बघा, किती फरक पडला!"

मुलीने त्यांचा नोंदणी क्रमांक विचारला. डॉक्टरने महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणं आणि चिठ्ठीवर लिहिणं बंधनकारक असतं. तिथे भिंतीवर फक्त फ्रेममधली सर्टिफिकिटं होती, कसली ते कळत नव्हतं. आम्हाला बाहेर काढलं गेलं.

मग परळला केईएम या महापालिकेच्या हॉस्पिटलात गेले. सकाळी लवकर लाइन लावली, केसपेपर काढला, भरपूर वेळ बसले. पुन्हा ईसीजी, २डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, आणि चोवीस तासांचा होल्टर. छातीला पट्ट्या चिकटवून कमरेला एक छोटं यंत्र बांधतात, आणि कधी काय जाणवलं ते वेळेसकट लिहून ठेवायचं. दहा सेकंदांच्या शंकेला इतकं साधं, शास्त्रीय उत्तर होतं, आणि त्याचं नाव मला त्या सेंटरमध्ये एकदाही कुणी सांगितलं नव्हतं.

इको व्यवस्थित. होल्टरमध्ये दिवसभराच्या लाखभर ठोक्यांत हजारेक ठोके वेळेआधी पडलेले. तरुण डॉक्टर होती, तिने कागदावर रेघ काढून समजावलं. मधला ठोका घाईने पडतो, त्यानंतर हृदय क्षणभर थांबतं, तेवढ्यात त्यात जास्त रक्त भरतं, म्हणून पुढचा ठोका जोराचा लागतो. एक ठोका गायब, मग धप्पकन. माझेच शब्द तिने रेघेवर दाखवले. हृदयाची रचना चांगली असेल तर एवढे ठोके बहुतेक वेळा धोक्याचे नसतात. आणि ब्लॉकेज? ती म्हणाली, घरातली वायरिंग आणि पाण्याचे पाइप वेगळे ना, तसं. तुमची तक्रार वायरिंगची, त्यांनी पाइप साफ करायला घेतले.

हिमोग्लोबिन आलं ८.९. बायकांना किमान १२ हवं. रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हे हिमोग्लोबिन कमी पडलं की हृदय जोराने धावून भरपाई करतं. दम, अंधारी, धडधड, सगळं त्यातून. स्त्रीरोग विभागात पाठवलं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. भीतीबद्दलही तिने विचारलं. नाडी मोजायची, घाबरायचं, घाबरल्यामुळे ठोके वाढायचे, वाढले म्हणून पुन्हा मोजायचं, हे चक्र खोटं नसतं, त्यातला त्रास शरीराला खराच होतो, असं म्हणाली. मी तिच्यासमोर रडले. नंतर काही वाईट रात्री मी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन केला. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

उठताना तिने विचारलं, "घरात कुणी लहान वयात अचानक गेलंय का?"

"माझे दीर. ४९ व्या वर्षी."

"ते तुमच्या रक्ताचे नाहीत," ती म्हणाली. "मिस्टरांचे सख्खे भाऊ ना? त्यांना कधी तपासलंय?"

चार महिने मी स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवून बसले होते. पुढच्याच आठवड्यात ह्यांना घेऊन गेले. ब्लडप्रेशर १६८/१०४. कोलेस्टेरॉलही वाढलेलं. ह्यांना एकदाही धडधडलं नव्हतं, काही दुखलं नव्हतं. आता गोळ्या चालू आहेत, पुढच्या तपासण्याही झाल्या. एफडीतले पैसे आणि चार महिने मी कुठे घालवले, हे आठवलं की झोप उडते.

तुम्हाला धडधडत असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या साध्या रक्ततपासण्या आधी करा. धडधडीबरोबर चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दाब आला, जबड्यात किंवा हातात कळ गेली, बसल्या जागी श्वास लागला, तर कुठल्याही शिबिराची किंवा माझ्यासारखीच्या अनुभवाची वाट न बघता १०८ ला फोन करा. आणि रक्ताच्या नात्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर काही होत नसतानाही तपासून घ्या.

पैशांचं सांगते. पावतीवर त्यांनी "वेलनेस साहित्य" असं लिहिलं होतं, उपचार हा शब्दच नाही. पावती घेताना ती वाचा. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. वांद्र्याला अन्न व औषध प्रशासनाकडे शिबिराचं पत्रक जोडून अर्ज दिला, कारण हृदयरोग बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. अजून एक रुपया परत आलेला नाही. सेंटरचं शटर खाली आहे. सेक्रेटरींनी मात्र ठराव केला, नोंदणी क्रमांक दाखवल्याशिवाय हॉल कुणालाही नाही.

आजोबांचा नंबर माझ्याकडे होता. केईएममधून आले त्याच संध्याकाळी फोन केला. त्यांनी उचलला नाही, सुनेने उचलला. मी कोण, काय, सगळं सांगितलं, आणि ती गोळी बंद आहे हेही सांगितलं. ती म्हणाली, "आम्हाला तर ते रोज घेतो म्हणतात." मग मागे कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ती मोठ्याने नवऱ्याला हाका मारू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना दवाखान्यात नेलं. सुखरूप आहेत, गोळी पुन्हा चालू आहे. मध्यंतरी त्यांचाच फोन आला होता. विचारत होते, "पोरी, आपले पैसे कधी मिळतील?"