डेस्कटॉपसाठी साधा यूपीएस घ्यावा की लाइन-इंटरॅक्टिव्ह?

विजेमुळे कॉम्प्युटर बिघडला की खापर बहुधा लाइट जाण्यावर फुटतं. पण नुसती लाइट गेली तर सहसा सेव्ह न केलेलं काम जातं, फार तर त्या क्षणी डिस्कवर लिहिली जात असलेली फाइल खराब होते. एसएमपीएस (कॉम्प्युटरमधला वीजपुरवठ्याचा डबा) किंवा मदरबोर्ड जळतो तो बहुतेकदा वाढलेल्या दाबामुळे, म्हणजे व्होल्टेजमुळे. जवळपास कुठे वीज पडते, किंवा लाइट परत येताना झटका बसतो. सगळ्यांत वाईट म्हणजे न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटणं. थ्री-फेज पुरवठ्यात तसं झालं, तर २३० व्होल्टच्या सॉकेटवर ४०० च्या आसपासही दाब येऊ शकतो आणि तो तसाच टिकून राहतो.

लाइट जाणं आणि दाब वाढणं यांनंतरचा तिसरा प्रकार म्हणजे दाब सतत उतरत-चढत राहणं. त्यानं लगेच काही जळत नाही, म्हणून त्याकडे लक्ष जात नाही. माझी निवड मात्र त्यावरच ठरली.

आधी स्वस्त पर्याय. स्पाइक गार्डमधला व्हॅरिस्टर नावाचा छोटा भाग क्षणिक झटका स्वतःवर घेतो आणि प्रत्येक वेळी थोडा झिजतो. बोर्डावरचा लाल दिवा पेटलेला आहे म्हणजे आतलं संरक्षण शिल्लक आहेच, असं नाही. टिकून राहिलेल्या जादा दाबापुढे तर त्याचं काही चालत नाही. तरी लॅपटॉपवाल्यांना चांगलं अर्थिंग आणि स्पाइक गार्ड एवढं बहुधा पुरतं. बॅटरी आतच असते आणि अडॅप्टर साधारण १०० ते २४० व्होल्टवर चालतो.

घरात इन्व्हर्टर आहेच, मग यूपीएस कशाला, हा प्रश्न रास्त आहे. अडचण बदलीच्या, म्हणजे लाइटवरून बॅटरीवर जाण्याच्या, वेळेची आहे. पूर्ण लोडवर एसएमपीएस आतल्या कपॅसिटरच्या जोरावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. साधा इन्व्हर्टर बॅटरीवर जायला त्याहून जास्त वेळ घेऊ शकतो आणि मग पंखा फिरत राहतो, कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टरला यूपीएस मोड असेल तर ही अडचण बरीच कमी होते. पण त्या मोडमध्ये दाब जरा उतरला तरी तो बॅटरीवर जातो, आणि घरातले दिवे-पंखेही त्याच बॅटरीवर असतात.

हाच दोष साध्या, म्हणजे ऑफलाइन यूपीएसचा. दाब ठरावीक मर्यादेत असेपर्यंत तो वीज जशी येते तशी पुढे सोडतो. मर्यादेखाली गेली की रिले टक्‌ वाजतो आणि बॅटरी सुरू. माझ्याकडे संध्याकाळी दाब उतरायचा. टक्‌, बीप, पुन्हा टक्‌, जरा शांतता, पुन्हा बीप. लाइट गेलेली नसायची, दिवे फक्त थोडे मंद व्हायचे. तो आवाज एक वेळ सहन केला असता. पण या खेळात बॅटरी रोज थोडी थोडी रिकामी व्हायची आणि खरोखर लाइट गेली की विंडोज नीट बंद करायलाही यूपीएस पुरायचा नाही. ज्या एका कामासाठी तो आणला, तेच होत नव्हतं. शिवाय आतली १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी अशा सततच्या वापरानं लवकर म्हातारी होते, उष्णतेनं तर आणखीच.

लाइन-इंटरॅक्टिव्हमध्ये एव्हीआर, म्हणजे दाब आपोआप सावरणारा भाग, असतो. दाब उतरला की तो ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून दाब वर आणतो. बऱ्याच मॉडेलांत १४० व्होल्टच्या आसपासपर्यंत हे बॅटरीला हात न लावता होतं. त्याच सॉकेटवर, त्याच कॉम्प्युटरला तो लावला आणि संध्याकाळचं बीप-बीप जवळजवळ थांबलं. रिलेचा आवाज अधूनमधून येतो, पण बॅटरी भरलेली राहते. ती पहिल्यापेक्षा बरीच जास्त टिकली असं मला वाटतं. मोजमाप ठेवलेलं नाही, हा वापरातला अनुभव आहे.

तुमच्याकडे दाब स्थिर असेल आणि लाइट क्वचितच जात असेल, तर साध्या यूपीएसवर भागेल, नाही असं नाही. खात्री नसेल तर काही दिवस वेगवेगळ्या वेळी सॉकेटवर मल्टिमीटर लावून पाहा. आकडा वरचेवर २०० च्या खाली दिसला, तर मी तरी साध्याच्या वाटेला जाणार नाही. ऑनलाइन यूपीएस या दोन्हींपेक्षा सरस आहे, बदलीला वेळच लागत नाही. पण त्याचा पंखा आणि उष्णता टेबलाखाली दिवसभर सोसायची, हे घरी जरा जास्तच होतं.

घेताना व्हीएच्या (व्होल्ट-अँपिअर) आकड्यावर जाऊ नका, वॉट बघा. ६०० व्हीएचे कितीतरी यूपीएस ३६० वॉटच देतात. एसएमपीएस अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाला (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेला) असेल तर बॅटरीवरही घरच्या विजेसारखी गुळगुळीत, म्हणजे शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस शक्यतो घ्या, कारण पायऱ्यांच्या वेव्हवर काही एसएमपीएस ऐन बदलीच्या क्षणी बंद पडतात. राउटरही बॅटरीच्या सॉकेटवर घ्या. लेझर प्रिंटर मात्र तिथे लावू नका, त्याचा हीटर तापताना एवढा लोड घेतो की यूपीएस ओव्हरलोड होतो. आणि विजा कडाडत असतील तेव्हा यूपीएस कुठलाही असो, प्लग काढा आणि लॅनची केबलही काढा. झटका त्या तारेनंही येतो.