फायनल तपासणीची सात पानी यादी ॲपशीटवर: नऊ महिन्यांनंतर

अंबडला आमचं विजेच्या पॅनेलचं वर्कशॉप आहे. पीसीसी (वीज वाटपाचे), एमसीसी (मोटरींच्या नियंत्रणाचे), एपीएफसी (कपॅसिटर लावून पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारे) असे एलटी, म्हणजे कमी दाबाच्या विजेचे, पॅनेल आम्ही बनवतो, महिन्याला पंचवीसच्या आसपास. क्वालिटी माझ्याकडे. नऊ महिन्यांपूर्वी फायनल तपासणीची आमची सात पानी यादी मी कागदावरून ॲपशीटवर, म्हणजे कोड न लिहिता ॲप बनवायच्या साधनावर, नेली. मला कोडिंग येत नाही, गूगल शीटमधली सूत्रं येतात. तेवढ्या भांडवलावर हे केलं. ‘अमुक असेल तर तमुक विचारा’ अशा अटींची लांब यादी ज्यांच्याकडे आहे, त्यांना माझ्या चुका आधीच माहीत असाव्यात म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ॲपशीट २०२० पासून गूगलकडे आहे. गूगल शीट हाच त्याचा पाया ठेवता येतो, आणि प्रत्येक रकान्याला ‘शो-इफ’ (कधी दाखवायचं), ‘रिक्वायर्ड-इफ’ (कधी सक्तीचं) आणि ‘व्हॅलिड-इफ’ (कोणतं उत्तर चालेल) अशा अटी लावता येतात. नेट नसताना भरलेलं फोनवर थांबतं आणि नेट आलं की वर जातं. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मागच्या भिंतीपाशी रेंज येत नाही, त्यामुळे माझ्यासाठी हा मोठा मुद्दा होता. परवाना माणसामागे महिन्याच्या हिशोबाने लागतो, मात्र चाचणीच्या काळात दहा जणांपर्यंत फुकट वापरता येतं. आम्ही पहिले दोन महिने तसेच काढले. साधनाबद्दल एवढं पुरे. ते मी सोडणार नाही. खरा प्रश्न यादी कशी मांडायची हा आहे, आणि तो कुठल्याही लो-कोड (कमीत कमी कोडिंगच्या) साधनात असाच समोर येईल.

पहिली मांडणी मी सरळ कागदावरून उचलली. एक पॅनेल म्हणजे एक रांग, एक प्रश्न म्हणजे एक रकाना. एकूण १३७ रकाने. वर ‘पॅनेलचा प्रकार’ निवडायचा आणि त्याप्रमाणे खालचे प्रश्न दिसायचे किंवा लपायचे. एमसीसी निवडलं की कपॅसिटरचे प्रश्न गायब. चार दिवसांत तयार झालं, आणि पहिल्या आठवड्यात सगळ्यांना फार आवडलं, कारण कागदावर निम्मी पानं ‘लागू नाही’ म्हणून तिरकी रेघ मारण्यात जायची.

त्या तिरक्या रेघेची किंमत मला दोन महिन्यांनी कळली.

सिन्नरच्या एका ग्राहकाला पॅनेल गेलं. प्रकार पीसीसी, पण त्याच्या एका बाजूला एपीएफसीचा विभाग जोडलेला. यादीत प्रकार ‘पीसीसी’ निवडला गेला आणि तो बरोबरच होता. परिणामी कपॅसिटर आणि एपीएफसी रिलेचे सगळेच्या सगळे चौदा प्रश्न लपून राहिले. ॲपने तपासणी शंभर टक्के पूर्ण दाखवली, मी सही केली. साइटवर चार्ज केल्यावर रिले पॉवर फॅक्टर उलटा दाखवू लागला. सीटीची (प्रवाह मोजण्यासाठीचा करंट ट्रान्सफॉर्मर) एस-वन आणि एस-टू ही टोकं अदलाबदल झाली होती. ‘सीटीची पोलॅरिटी तपासली का’ हा प्रश्न आमच्या यादीत आहे, कागदावर तो वर्षानुवर्षं होता. फक्त त्या दिवशी तो कुणाला विचारलाच गेला नाही.

आमचे सगळ्यात जुने फिटर काका मला म्हणाले, “ताई, कागदावर रेघ मारताना माझा हात थांबायचा. हे खरंच नाहीये का, म्हणून एकदा बघून घ्यायचो. आता प्रश्नच दिसत नाही तर मी थांबू कुठं?”

ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं, आणि त्यानंतरची सगळी मांडणी त्यावरच केली आहे. कागदावरची रेघ हा एका माणसाने घेतलेला निर्णय होता. शो-इफने लपवलेला प्रश्न हाही निर्णयच, पण तो मी तीन महिन्यांपूर्वी टेबलावर बसून, ते पॅनेल न पाहता घेतलेला असतो. शीटमध्ये त्याची खूण म्हणून फक्त एक रिकामा रकाना उरतो. आणि रिकाम्या रकान्याचे तीन अर्थ होतात: विचारलं नाही, विचारलं पण भरलं नाही, किंवा लागूच नाही. तिन्ही दिसायला सारखेच.

म्हणून पहिला बदल अटींचा. अट पॅनेलच्या प्रकाराला लावायची नाही, आत बसवलेल्या वस्तूंना लावायची. प्रकार हे आपण दिलेलं नाव आहे आणि नावं एकमेकांत मिसळतात. आता सुरुवातीला जीए ड्रॉइंग (पॅनेलची मांडणी दाखवणारं) आणि बीओएम (सामानाची यादी) समोर ठेवून आतल्या वस्तू भरतो: एसीबी (एअर सर्किट ब्रेकर) किती, त्यातले ड्रॉ-आउट (बाहेर ओढून काढता येणारे) किती, बस कपलर (दोन बसबार, म्हणजे वीज नेणाऱ्या पट्ट्या, जोडणारा) आहे का, कपॅसिटरचे स्टेप (टप्पे) किती, एसपीडी (सर्जपासून संरक्षण देणारा) आहे का, मल्टिफंक्शन मीटर किती, आउटगोइंग फीडर (वीज बाहेर नेणाऱ्या शाखा) किती. कपॅसिटरचे स्टेप शून्यापेक्षा जास्त असतील तर कपॅसिटरचे प्रश्न येतात, मग पॅनेलला नाव काहीही असो.

दुसरा बदल जास्त कष्टाचा होता, पण तोच खरा उपाय ठरला. प्रश्न रकान्यांतून काढून रांगांमध्ये आणले. आता तीन शीट आहेत. ‘पॅनेल’, ‘प्रश्नसंच’ आणि ‘उत्तरं’. प्रश्नसंचात प्रत्येक प्रश्नाची एक रांग: त्याचा कोड, मजकूर, कोणत्या टप्प्यावर विचारायचा, कोणत्या वस्तूसाठी, उत्तर आकडा हवा की पर्याय की फोटो, आणि स्वीकारायची मर्यादा. ॲपमध्ये नवं पॅनेल उघडलं की एक ‘ॲक्शन’ (ॲपला नेमून दिलेलं काम) प्रश्नसंचातल्या रांगा उचलून त्या पॅनेलच्या नावे ‘उत्तरं’मध्ये टाकतं. जे प्रश्न लागू नाहीत तेसुद्धा येतात, फक्त त्यांच्या स्थितीत ‘लागू नाही’ आणि शेजारी कारण लिहिलेलं असतं: ‘एसपीडी शून्य’. बाकीच्यांची स्थिती ‘बाकी’, ‘ठीक’ किंवा ‘दोष’. रिकामा रकाना उरतच नाही.

फीडरचा तिढाही इथेच सुटला. आधी मी ‘फीडर १ टॉर्क’, ‘फीडर २ टॉर्क’ (टॉर्क म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला ते) असे बारा फीडरपर्यंत रकाने केले होते. मग सोळा फीडरचं पॅनेल आलं. रांगांमध्ये हा प्रश्न राहत नाही; फीडर सोळा असतील तर फीडरच्या प्रत्येक प्रश्नाच्या सोळा रांगा तयार होतात.

‘एवढ्या रांगांनी शीट भरून जाईल’ असं मला ऑफिसमध्ये ऐकवलं गेलं, म्हणून हिशोब केला. पॅनेलमागे साधारण ११० रांगा, प्रत्येकीत १२ रकाने, महिन्याला २५ पॅनेल, म्हणजे ३३,००० सेल. वर्षाला ३,९६,०००. गूगल शीटची मर्यादा एक कोटी सेलची आहे. अडचण त्याच्या कितीतरी आधी फोनवर येते, कारण सगळा डेटा प्रत्येक फोनवर उतरतो. त्यासाठी ‘सिक्युरिटी फिल्टर’ लावून फोनवर फक्त न पाठवलेली पॅनेल ठेवा. आणि ‘व्हर्च्युअल कॉलम’मध्ये (शीटमध्ये नसलेला, ॲपने मोजलेला रकाना) दुसऱ्या शीटमध्ये शोधाशोध करणारी सूत्रं कमीत कमी ठेवा. ती प्रत्येक सिंकला (फोन आणि शीट जुळवताना) प्रत्येक रांगेसाठी पुन्हा मोजली जातात. माझे असे नऊ कॉलम होते, दोनवर आणल्यावर सिंकची वाट बघणं संपलं.

रांगा टाकणाऱ्या ॲक्शनमध्ये माझी एक चूक झाली, ती सांगते. ‘शेवटी उघडलेलं पॅनेल’ शोधून त्याच्या नावे रांगा टाकायच्या, असं मी लिहिलं होतं. मी एकटी चाचणी घेत होते तोवर ठीक चाललं. मग एका सकाळी दोघांनी एकाच वेळी दोन पॅनेल उघडली आणि एकाचे प्रश्न दुसऱ्याला जोडले गेले. आता वापरणाऱ्यांच्या शीटमध्ये प्रत्येकाच्या ईमेलसमोर त्याचं चालू पॅनेल लिहिलं जातं आणि ॲक्शन तिथून वाचतं. कधीही दोन फोन हातात घेऊन चाचणी करा.

आकड्यांच्या अटींची चूक तर त्याहून साधी, आणि म्हणून जास्त धोक्याची. आयएस/आयईसी ६१४३९ या एलटी पॅनेलच्या मानकात रूटीन (प्रत्येक पॅनेलच्या) तपासणीतच एक अट आहे: इनकमरचं (वीज आत घेणाऱ्या ब्रेकरचं) संरक्षण २५० अँपिअरपर्यंत असेल तर डायइलेक्ट्रिक चाचणीऐवजी (जास्त व्होल्टेज लावून घेतात ती, आमच्याकडे ‘एचव्ही’) इन्सुलेशन रेझिस्टन्स (आमच्याकडे ‘मेगर’) मोजून चालतं. मी एका प्रश्नाला ‘२५० पेक्षा कमी’ आणि दुसऱ्याला ‘२५० पेक्षा जास्त’ अशी अट लावली. २५० अँपिअरचा एमसीसीबी (ब्रेकरचा एक प्रकार) आमच्याकडे दर आठवड्याला लागतो. त्या पॅनेलला मेगरही विचारला गेला नाही आणि एचव्हीही नाही! सुदैवाने टेस्टिंगच्या मुलाने दोन्ही सवयीने केलं होतं. त्या दिवसापासून आकड्याची अट लिहिली की मी तीन खोटी पॅनेल उघडून बघते: काठाच्या खालचं, काठावरचं आणि काठाच्या वरचं.

एचव्हीबद्दल आणखी. मानकाप्रमाणे ३०० ते ६९० व्होल्ट इन्सुलेशन रेटिंगच्या पॅनेलला रूटीनमध्ये १८९० व्होल्ट, एक सेकंद. काही ग्राहकांच्या क्यूएपीमध्ये (त्यांनी ठरवलेल्या तपासणीच्या आराखड्यात) अजूनही २.५ केव्ही एक मिनिट असतं. म्हणून तो आकडा प्रश्नाच्या मजकुरात लिहू नका, पॅनेलच्या रांगेत ठेवा आणि प्रश्नाने तिथून घ्यावा. शिवाय एचव्हीच्या आधी मीटर, एपीएफसी रिले, एसपीडी सोडवावे लागतात आणि नंतर परत जोडावे लागतात. आधीच्या यादीत ‘सोडवले का’ हा प्रश्न होता, ‘परत जोडले का’ नव्हता, कारण कागदावर तेवढी जागा नव्हती आणि सगळ्यांना ते माहीतच होतं. एकदा एसपीडी सुटलेलाच राहिला आणि ग्राहकाच्या इन्स्पेक्शनमध्ये सापडला. आता ‘सोडवले’ला ‘हो’ दाबलं की ‘परत जोडले’ची रांग ‘बाकी’ म्हणून उभी राहते, आणि ती ‘ठीक’ झाल्याशिवाय डिस्पॅचचं बटण दिसत नाही. माझ्या मते अटींचा सगळ्यात चांगला उपयोग हाच. प्रश्न लपवायला अटी वापरताना हात राखून वापरा. नवा प्रश्न उभा करायला मोकळेपणाने वापरा.

प्रश्नांच्या भाषेवर मी एक पूर्ण आठवडा घालवला आणि तो सार्थकी लागला. ‘टॉर्क व्हेरिफिकेशन डन’ हे इंग्रजी कागदावरचं वाक्य होतं. आता प्रश्न असा आहे: ‘बसबारच्या प्रत्येक जॉइंटवर टॉर्कची रेघ मारली का? मागच्या बाजूचे जॉइंटसुद्धा.’ जिथे आकडा मागता येतो तिथे हो-नाही ठेवलं नाही. मेगरचं रीडिंग मेगाओहममध्ये भरायचं. ‘हो’ला अंगठा आपोआप जातो, आकड्यासाठी मीटरकडे बघावंच लागतं. क्रमही बदलला. कागदावर विषयवार भाग होते: मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, पेंटिंग. आता टप्पे कामाप्रमाणे आहेत, आणि पहिला मोठा टप्पा ‘मागची कव्हर लावण्याआधी’. कव्हर लागल्यावर बसबारचं क्लिअरन्स (मोकळं अंतर) कुणी मोजत नाही, आणि त्या वेळी विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही.

काही लहान पण उपयोगी गोष्टी. अटी उत्तराच्या शब्दावर लिहू नका, कोडवर लिहा. मी ‘नाही’चं ‘नाही, दोष आहे’ केलं आणि त्या शब्दावर टेकलेल्या सहा अटी गप्प पडल्या. उत्तराच्या रांगेत प्रश्नाचा मजकूरही उतरवून ठेवा, नाहीतर प्रश्नसंच बदलला की सहा महिन्यांपूर्वीच्या पॅनेलला आज लिहिलेला प्रश्न विचारला होता असं दिसेल. एका अटीत दुसरी अट चालेल, तिसरी नको. तिसरी लागते आहे असं वाटलं तेव्हा प्रत्येक वेळी माझ्या लक्षात आलं की सुरुवातीच्या वस्तूंच्या यादीत एक वस्तू कमी आहे.

अटी प्रश्नसंचाच्या शीटमध्ये आल्यामुळे त्या छापता येतात, हा फायदा मी आधी धरलाच नव्हता. मोठ्या कागदावर प्रिंट काढून काकांना दिली. सूत्रं त्यांना वाचता येत नाहीत, पण ‘ड्रॉ-आउट एसीबी असेल तर: रॅकिंग इन, टेस्ट, आउट तिन्ही पोझिशन’ हे वाचता येतं. दीड तासात त्यांनी अकरा चुका काढल्या. दोन इंटरलॉकचे (चुकीच्या क्रमाने काही चालू होऊ न देणारी सोय) प्रश्न तर कुठल्याच कागदावर नव्हते, ते त्यांच्या डोक्यातच होते. पुढच्या वर्षी ते निवृत्त होत आहेत.

वेळ वाचला का, असं सगळे विचारतात. तपासणीला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. वाचला तो नंतरचा वेळ, टेस्ट रिपोर्ट टाइप करायचा आणि ‘त्या पॅनेलचं मेगर किती आलं होतं’ म्हणून फाइली धुंडाळायचा.

आता डिस्पॅचच्या आधी ॲप शेवटचं एक पान दाखवतं. त्यावर विचारलेले प्रश्न नसतात, न विचारलेले असतात, कारणांसह. परवाच्या पॅनेलला असे एकोणतीस होते. काका पॅनेलसमोर उभे राहतात, मी मोठ्याने वाचते, ते बोट लावून ती वस्तू खरंच नाही ना ते बघतात, आणि मग दोघांची सही. पाच-सहा मिनिटं जातात. गेल्या महिन्यात एका पॅनेलच्या बीओएममध्ये एसपीडी नव्हता आणि आत बसवलेला होता. त्या पानावर काकांचं बोट तिथेच थांबलं.