‘वॉरियर’ आठ महिन्यांत दोनदा पाहिल्यावर

मार्चमध्ये धाकट्या भावाने फोन करून सांगितलं, "ताई, एक मालिका आहे, तू नाही म्हणायचं नाही." तो बंगळूरला, मी कोल्हापुरात. लहानपणी दोघं एकाच कराटे क्लासला जायचो, त्यामुळे मारामारी असलेलं काहीही तो आधी मला कळवतो. दर रविवारी जेवणं आटोपली की दोघं एकाच वेळी दोन भाग लावायचो आणि संपले की फोनवर बोलत बसायचो. तीन सीझन, प्रत्येकी दहा भाग. जूनअखेर तीसही भाग संपले. मग पावसाळ्यात मी एकटीने पुन्हा पहिल्यापासून पाहिली. हे लिहिते आहे ते त्या दुसऱ्या वेळेमुळे.

या मालिकेमागे मुळात ब्रूस लीने लिहून ठेवलेली काही पानं आहेत. 1970 च्या आसपास त्याने ही कल्पना मांडली, पण मुख्य भूमिकेत चिनी चेहरा घेऊन मालिका काढायला तेव्हा कोणी तयार झालं नाही. 1973 मध्ये तो गेला. ती पानं त्याच्या मुलीने, शॅनन लीने, जपून ठेवली. 2019 मध्ये मालिका पडद्यावर आली तेव्हा निर्मात्यांमध्ये तिचं नाव होतं. वडिलांचं अर्धवट राहिलेलं काम लेकीने पुरं केलं, आणि गोष्टही सगळी घरातल्याच माणसांची. मला हे सुरुवातीला माहीत नव्हतं. कळल्यावर मी पहिला भाग थांबवून श्रेयनामावली नीट वाचली.

काळ 1870 च्या दशकातला, गाव सॅन फ्रान्सिस्को. रेल्वे बांधायला आणलेले चिनी मजूर आता गोऱ्या कामगारांच्या डोळ्यांत सलू लागलेत. चायनाटाउनात ‘टोंग’ म्हणजे टोळ्यांचं राज्य आहे, अफूच्या धंद्यावरून रक्त सांडतंय. आह साम नावाचा तरुण बोटीतून उतरतो तो बहिणीला शोधायला. तिचं नाव शियाओजिंग. तो हॉप वे टोळीत विकला जातो, आणि बहीण सापडते ती समोरच्या लाँग झी टोळीत, म्होरक्याची बायको म्हणून. आता तिचं नाव माई लिंग आहे आणि तिला भावाबरोबर घरी जायचं नाही.

(इथून पुढे थोडा कथाभाग उघड होतो.)

पहिल्या वेळी मला तिचा भयंकर राग आला. सख्खा भाऊ समुद्र ओलांडून आला आणि ही त्याला परत जा म्हणते! त्यावरून भावाशी फोनवर बराच वेळ बोलणं झालं, आणि तेव्हा आम्ही दोघंही आह सामच्याच बाजूचे होतो. दुसऱ्या वेळी एक गोष्ट लक्षात आली आणि सगळं उलटं झालं. तो तिला सतत जुन्या नावाने हाक मारतो. ती आपलं नवं नाव सांगते, तो ऐकत नाही.

माझ्या आईचं माहेरचं नाव वेगळं होतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं आणि त्या दिवसापासून सासरी ती त्याच नावाची झाली. मामा मात्र शेवटपर्यंत तिला जुन्या नावानेच हाक मारायचा. आम्हाला ते प्रेमाचं वाटायचं, आणि होतंही. पण आईला दर वेळी ते ऐकून आवडत होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. माई लिंगचं नवं नाव तिला कोणी दिलेलं नाही, ते तिने मिळवलंय. भाऊ वाचावा म्हणून तिने एका जुलमी माणसाशी लग्न केलं, त्याचा मार खाल्ला, जिवावर उदार होऊन पळाली. भाऊ जिला शोधत आलाय ती मुलगी आता उरलेलीच नाही. माई लिंग झालेली डिॲन डोन हे सगळं फार कमी बोलून दाखवते. मान ताठ, आवाज खालचा, आणि भाऊ खोलीबाहेर गेला की क्षणभर खांदे उतरतात. पहिल्या वेळी ते खांदे मला दिसलेच नव्हते.

आता मारामारीबद्दल. परक्यांशी होणाऱ्या लढती या मालिकेत झटपट उरकतात. खऱ्या, दीर्घ आणि दुखणाऱ्या लढती आपल्याच माणसांमुळे होतात. पहिल्या सीझनच्या नवव्या भागात आह साम आणि लाँग झीचा ली योंग यांचं द्वंद्व आहे. ली योंग झालेला जो तस्लीम हा इंडोनेशियाच्या राष्ट्रीय ज्युदो संघातून खेळलेला माणूस आहे आणि ते त्याच्या उभं राहण्यातच कळतं. तो घाई करत नाही. आमचे सर म्हणायचे, लाथ पायाने मारायची नसते, कंबरेने मारायची असते. इथे प्रत्येक लाथेला कंबर आधी फिरते आणि कॅमेरा ती फिरताना दाखवतो, तुकडे तुकडे करून लपवत नाही. त्या लढतीत नायक हरतो, आणि जिवंत राहतो तो बहिणीमुळे.

हॉप वेमधलं बाप-लेकाचं प्रकरणही असंच. यंग जुन हा टोळीचा म्होरक्या फादर जुन याचा मुलगा, तोंडाळ, उतावळा, आणि बापाच्या एका शाबासकीसाठी तडफडणारा. जेसन टोबिनने त्याला असा उभा केलाय की त्याच्या शिव्यांमागचं लेकरू दिसत राहतं. बापाच्या हातातून कारभार घेतानाही त्याला बापाचीच परवानगी हवी असते. आमच्या ओळखीत दुकानाच्या गल्ल्यावरून झालेली अशी दोन भांडणं मी जवळून पाहिली आहेत, फक्त तिथे कुऱ्हाडी नव्हत्या.

भाषेची युक्ती वेगळी सांगायला हवी. चिनी माणसं आपापसात बोलतात तेव्हा सुरुवातीला कँटोनीज ऐकू येते, मग कॅमेरा वळतो आणि तीच माणसं अस्खलित, फटकळ इंग्रजी बोलू लागतात, कारण आता आपण त्यांच्यातले झालो. गोरा आत आला की पुन्हा तुटकं इंग्रजी, खाली घातलेली मान. भावाने हे पाहून फोनवर सांगितलं, "ऑफिसखालच्या दुकानात मी असाच असतो गं. चार शब्द कन्नड, बाकी हातवारे. घरी आलो की मग मी मी असतो." परगावी राहणाऱ्या प्रत्येकाला हे कळेल.

उणिवा आहेत. महापौराची बायको पेनेलोपी आणि आह साम यांचं प्रेम मला दोन्ही वेळा पटलं नाही. राजकारणाचे प्रसंग लांबतात, ते मी दुसऱ्यांदा पळवले. दुसरा सीझन 2020 चा, तिसरा थेट 2023 चा, आणि मधला खंड जाणवतो. शेवटच्या भागांत बरंच काही घाईत उरकलंय. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मालिका बंद झाल्याचं जाहीर झालं, त्यामुळे काही धागे लोंबकळतच राहतात. रक्तपात, नग्नता आणि शिवीगाळ भरपूर आहे. मुलं आणि सासूबाई झोपल्याशिवाय मी एकही भाग लावला नाही, तुम्हीही लावू नका.

दुसऱ्या सीझनचा नववा भाग मात्र एका बैठकीत, मध्ये न उठता पाहा. चायनाटाउनवर चाल करून आलेला जमाव त्यात आहे. सॅन फ्रान्सिस्कोत 1877 च्या जुलैमध्ये खरोखरच असा दंगा झाला, चिन्यांच्या लाँड्र्या जाळल्या गेल्या, आणि 1882 मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद करणारा कायदा केला. मालिकेतल्या त्या रात्री एकमेकांच्या जिवावर उठलेल्या टोळ्या एकाच रस्त्यावर उभ्या राहतात. तो भाग संपल्यावर भावाचा फोन आला आणि बराच वेळ आम्ही दोघं काही बोललोच नाही.

भाऊबीजेला तो येतोय. द्वंद्वाचा भाग पुन्हा एकत्र पाहायचं ठरलंय, आणि या वेळी मी त्याला ते खांदे दाखवणार आहे.