शेवाळाचा अर्क टोमॅटोवर: चार फवारण्यांनंतर

झाकण उघडलं की सुक्या बोंबलांचा वास. घरच्यांनी बाटली थेट गोठ्यात हलवली. अर्क अ‍ॅस्कोफायलम नोडोसम या उत्तर अटलांटिकच्या तपकिरी शेवाळाचा, काळपट, घट्ट. जुन्नरकडे आमच्या 20 गुंठे टोमॅटोला 15 लिटरच्या पंपात 30 मिली, अशा चार फवारण्या केल्या. चार ओळी मुद्दाम कोऱ्या ठेवल्या होत्या. दुपारच्या उन्हात त्या ओळी आधी माना टाकायच्या, फवारलेली झाडं तग धरायची. फूलगळही कमी वाटली. फळाच्या आकारात फरक? मला तरी दिसला नाही.

एकदा घाई नडली. त्याच पंपात कॅल्शियम नायट्रेट टाकलं आणि आत खळीसारख्या गुठळ्या झाल्या, नोझल बंद! शेवाळातलं अल्जिनेट हे चिकट द्रव्य कॅल्शियम भेटलं की जेलीसारखं गोठतं, हे नंतर कळलं. लेबलवर तेवढी एक ओळ छापायला काय जातं?

दुकानदार याला खत म्हणून गळ्यात मारतो. हे बायोस्टिम्युलंट आहे, म्हणजे झाडाला तग धरायला मदत करणारं, पोट भरणारं नव्हे. 2021 पासून खत नियंत्रण आदेशात त्याची वेगळी तरतूद आहे. नत्र, स्फुरद, पालाश द्यावंच लागतं. पुढच्या लागवडीला पुन्हा घेईन, पण अर्ध्या लिटरचीच बाटली.