चर्चच्या स्टाफसाठी पाचगणीचं रिट्रीट, जायलाच हवं असं

5 पैकी 4 स्टार. फॅमिली पिकनिकसाठी जागा शोधत असाल तर हा रिव्ह्यू तुमच्यासाठी नाही, पण तुमच्या चर्चमध्ये पगारी स्टाफ असेल आणि त्यांच्यात नुसतं कामापुरतं बोलणं उरलं असेल तर नक्की वाचा. आम्ही अहिल्यानगरहून पाळक साहेब (म्हणजे चर्चचे धर्मगुरू), ऑफिसच्या ताई, क्वायर म्हणजे गायकवृंदाचे लीडर, संडे स्कूलच्या बाई, ड्रायव्हर, शिपाई मामा आणि हिशोब बघणारी मी, असे सगळे गेलो होतो.

राहण्याचं पटकन सांगते. वाईहून पसरणी घाट चढून गेलं की टेबललँडच्या बाजूला शांत जागा आहे, रूम साध्या पण स्वच्छ, रात्रीचं पिठलं-भाकरी एक नंबर, सकाळी उशिरा उठलात तर गरम पाणी विसरा. हॉलचा माइक सारखा खरखरत होता, तो दुरुस्त करायलाच हवा.

आता मुख्य म्हणजे टीमचं सेशन. ते एक रिटायर्ड पाळक घेतात. डोळे बांधून खेळायचे गेम वगैरे काही नाही, त्यांनी प्रत्येकाला एवढंच सांगितलं की रविवारी उठल्यापासून उपासना संपेपर्यंत तुम्ही काय काय करता ते सांगा. मामांची पाळी आली तेव्हा ते आधी लाजले, मग म्हणाले, साहेब, अंधारातच कुलूप काढतो, बाकं पुसतो, कबुतरांची घाण धुतो, पाणी भरतो, पहिली घंटा देतो आणि प्रभुभोजनाचा (भाकर-द्राक्षारसाच्या विधीचा) रविवार असला की त्याचे छोटे ग्लास सगळे गेल्यावर एकटाच धुतो. इतकी वर्षं एकत्र काम करून आमच्यातल्या कोणालाच ते ग्लास कोण धुतं हे माहीत नव्हतं! पाळक साहेबांनी तिथेच ठरवलं की इथून पुढे प्रभुभोजनानंतर दोघं जण मामांसोबत थांबतील.

क्वायर लीडरचं दुखणं वेगळंच निघालं, गीतांचे नंबर शनिवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, मग पेटी-तबलावाल्यांना कधी सांगायचं आणि प्रॅक्टिस कधी करायची. साहेबांना वाटायचं की ते मुद्दाम तोंड पाडून बसतात. आता गुरुवार संध्याकाळपर्यंत नंबर द्यायचे असं ठरलंय आणि खरंच येतायत.

मला सगळ्यात पटलं ते म्हणजे बायबलमधलं मत्तय 18:15 त्या रिटायर्ड पाळकांनी ऑफिसच्या नियमासारखं वापरलं ते. तक्रार असेल तर आधी त्या माणसाशी एकांतात बोला, मग एकदोघांना सोबत घ्या, मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या सगळ्या सभासदांपुढे, सगळ्यात शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, आधी ग्रुपवर, मग कमिटीत, मग बिशप ऑफिसला पत्र, आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला सगळ्यात शेवटी कळतं. बायबलमधल्या पौल आणि बर्णबा या प्रेषितांचं मार्क नावाच्या सोबत्यावरून झालेलं भांडणही त्यांनी झाकून ठेवलं नाही, प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये दोघं चक्क वेगळे होतात, आणि पुढे 2 तीमथ्य 4:11 मध्ये तोच पौल म्हणतो मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे. हे ऐकून ऑफिसच्या ताईंच्या डोळ्यात पाणी आलं, कारण मागच्या साहेबांच्या वेळी त्यांना खूप बोलणी खावी लागली होती.

सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये) पाळकांची बदली होते, स्टाफ मात्र वर्षानुवर्षं तोच, त्यामुळे नवीन साहेब आले की दोन्ही बाजू एकमेकांना जोखत बसतात. त्यावर रिटायर्ड पाळकांचा सल्ला एकदम साधा होता, दर मंगळवारी सगळ्यांनी अर्धा तास चहाला बसायचं, प्रार्थना करायची आणि आठवड्याचं काम बोलायचं, कोणीही मोठा-छोटा नाही. 1970 ला नागपुरात सहा वेगवेगळी चर्चेस एक होऊन सीएनआय झाली, मग एका ऑफिसातली सहा माणसं एका टेबलावर बसायला काय हरकत आहे, असं ते म्हणाले.

एक स्टार कापला कारण पगाराचा विषय त्यांनी टाळला. दान कमी जमलं की शिपाई आणि ड्रायव्हरचा पगार लांबतो, असं बऱ्याच मंडळ्यांमध्ये होतं, आणि घरी किराणा नसेल तर माणूस मीटिंगमध्ये हसून कसा बोलणार? यावर अर्धा दिवस तरी द्यायला हवा होता.

रविवार धरून बुकिंग करू नका, सोमवार-मंगळवार घ्या, दरही कमी असतो. आणि गाडीत जागा नाही म्हणून शिपाई-ड्रायव्हरला मागे ठेवू नका, हवं तर मोठी गाडी करा.