मुरलेला स्टार घ्यावा की कोवळी पोरं राखावीत?

डायनॅस्टी लीग म्हणजे अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉलमधल्या खऱ्या खेळाडूंचा कागदावरचा संघ बांधून तो वर्षानुवर्षं सांभाळायचा फॅन्टसी खेळ. तो खेळणाऱ्या प्रत्येकाला जानेवारी-फेब्रुवारीत हा प्रश्न पडतोच. तुमचा संघ तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर असतो, हाताशी दोन-तीन होतकरू पोरं आणि पुढच्या वर्षांचे पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, आपली पाळी) असतात, आणि समोरून निरोप येतो: ही पोरं दे, हा स्टार घे, यंदाच जिंक. खऱ्या एनबीएतल्या जनरल मॅनेजरांपुढेही ट्रेड डेडलाइनच्या (खेळाडूंच्या देवघेवीची शेवटची तारीख) तोंडावर हाच पेच असतो, फक्त त्यांची नोकरी पणाला लागलेली असते. आमच्या मित्रांच्या लीगमध्ये मी दोन्ही वाटांनी जाऊन आलो आहे आणि आता एका वाटेवर स्थिरावलो आहे. गुण कसे मोजतात, पगार कसे जुळवतात, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढे जातो.

आधी स्टार घेण्याच्या बाजूने बोलतो, कारण ही बाजू कच्ची नाही. २००६-०७ मध्ये बॉस्टन सेल्टिक्सने ८२ पैकी फक्त २४ सामने जिंकले होते. त्या उन्हाळ्यात बॉस्टनचा कारभार बघणाऱ्या डॅनी एंजने आधी सिअॅटलकडून रे अॅलनला आणलं, आणि मग केविन गार्नेटसाठी मिनेसोटाला पाच खेळाडू आणि पहिल्या फेरीचे दोन पिक देऊन टाकले. त्या पाचांत अल जेफरसन होता. वय २२, सामन्याला १६ गुण आणि ११ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू). असा पोरगा हातचा सोडायला छाती लागते. पण पुढच्याच मोसमात बॉस्टनने ६६ सामने जिंकले आणि लेकर्सना हरवून विजेतेपद घेतलं. जेफरसन पुढेही चांगला खेळला, पण मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी त्याची निवड कधीच झाली नाही. म्हणजे पोरं दिली म्हणून हळहळायचं काही कारणच उरलं नाही.

२०१९ चं लेकर्सचं उदाहरण तर अजून ताजं आहे. लाँझो बॉल, ब्रँडन इंग्रम, जॉश हार्ट आणि पिकांचा गठ्ठा देऊन त्यांनी अँथनी डेव्हिसला घेतलं आणि २०२० मध्ये ऑरलँडोच्या बबलमध्ये (कोविडमुळे संघांना एकाच जागी बंदिस्त ठेवून सामने खेळवले होते) करंडक उचलला. इंग्रम न्यू ऑर्लिन्सला जाऊन ऑल-स्टार झाला, तरी लॉस एंजेलिसमध्ये कुणी तक्रार करताना मला तरी दिसलं नाही. करंडक हातात असला की हिशेब तिथेच मिटतो.

पण गार्नेट आणि डेव्हिस हे दोघेही पुढे पुन्हा एकदा ट्रेड झाले, आणि माझ्या मते ठरवणाऱ्याने बघायचं ते इथेच.

२०१३ मध्ये ब्रुकलिन नेट्सने गार्नेट आणि पॉल पिअर्सला घेतलं. २००७ मध्ये ३१ वर्षांचा असलेला गार्नेट आता ३७ चा होता, पिअर्स ३५ चा. बदल्यात बॉस्टनला २०१४, २०१६ आणि २०१८ चे पहिल्या फेरीचे पिक मिळाले, वर २०१७ ला पिकांची अदलाबदल करण्याचा हक्क, म्हणजे ब्रुकलिनची पाळी आधीची असेल तर आपली देऊन ती घ्यायची. ब्रुकलिनमध्ये त्या मोसमात गार्नेट ५४ सामने खेळला आणि त्याची सरासरी ६.५ गुणांची राहिली. संघ दुसऱ्या फेरीत मायामीकडून हरला, पिअर्स उन्हाळ्यात वॉशिंग्टनला निघून गेला. आणि बॉस्टनने त्या पिकांतून जेलन ब्राऊन घेतला, २०१७ च्या हक्कातून जेसन टेटम मिळवला. २०२४ चं विजेतेपद याच दोघांच्या जिवावर आलं. घेणारा एंज, विकणाराही एंजच. त्याच माणसाने गार्नेट ३१ चा असताना घेतला आणि ३७ चा झाल्यावर विकला.

डेव्हिसचंही तसंच. लेकर्सनी घेतला तेव्हा तो २६ चा होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने त्याच डेव्हिससाठी, तो ३१ चा असताना, २५ वर्षांचा लुका डोन्चिच देऊन टाकला. हा डोन्चिच आदल्याच मोसमात त्यांना अंतिम फेरीत घेऊन गेला होता. डॅलसकडून पहिल्याच सामन्यात डेव्हिस झकास खेळत होता, २६ गुण, १६ रिबाउंड, आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये मांडीचा स्नायू दुखावून बाहेर पडला. परतला तो मार्चच्या शेवटी. ट्रेड करणाऱ्या निको हॅरिसनला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जावं लागलं. निव्वळ दुर्दैव म्हणून हे सोडून देता येईल, आणि काही अंशी ते होतंही. पण ३१ व्या वर्षी दुखापतीची शक्यता किती, हे किमतीत धरायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं.

पिकांबद्दल थोडं, कारण आपल्या लीगमध्येही लोक इथेच फसतात. एनबीएत सलग दोन वर्षांचे पुढचे पहिल्या फेरीचे पिक देता येत नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी इतके पिक उधळले की नियम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यावर संघांनी काढलेली पळवाट म्हणजे एकाआड एक वर्षाचे पिक द्यायचे आणि मधल्या वर्षांत अदलाबदलीचा हक्क द्यायचा. ब्रुकलिनने तेच केलं. कागदावर हा हक्क किरकोळ दिसतो. पण स्टार म्हातारा होऊन संघ तळाला गेला की हाच हक्क सगळ्यात महाग पडतो. २०१६-१७ मध्ये ब्रुकलिनने २० सामने जिंकले, ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत पहिला क्रमांक त्यांच्या नावावर निघाला आणि तो बॉस्टनने नेला. तुमच्या लीगमध्ये असा हक्क देता येत असेल तर तो शेवटी द्या, आणि देताना मोजून द्या.

आता माझा कल ज्या एका गोष्टीने ठरला, तिच्याकडे येतो. मुरलेला स्टार आज खेळणार की नाही, हे कळतच नाही.

पूर्वेकडचे संध्याकाळी सातचे सामने हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतात, पश्चिम किनाऱ्यावरचे साडेसातचे सकाळी नऊला. रात्री झोपताना इंजरी रिपोर्ट (दुखापतींची यादी) बघावा तर स्टारच्या नावापुढे 'क्वेश्चनेबल', म्हणजे खेळेल की नाही नक्की नाही. पहाटे गजर लावून उठावं तर अजूनही 'क्वेश्चनेबल'. सुरुवातीचे पाच खेळाडू सामन्याच्या अर्धा तास आधी जाहीर होतात, तेव्हा कळतं की साहेब आज कोट घालून बाकावर. तोवर तुमच्या बाकीच्या दोघा-तिघांचे सामने सुरू झालेले असतात आणि बदल करायची सोय संपलेली असते. उलट, नको ती कटकट म्हणून त्याला आधीच बाहेर बसवावं, तर नेमका त्या दिवशी तो ४० गुण करतो आणि ते तुमच्या बाकावर सडतात.

माझ्याकडे असा एक होता, नाव घेत नाही. तो खेळला की आठवडा जिंकून द्यायचा, यात शंकाच नाही. पण त्याची दुखापत कधी मोठी नसायची, आणि खरी अडचण तीच होती. मोठी दुखापत असली तर खेळाडूला आयआरच्या (जखमींसाठी राखीव) जागेवर सरकवून दुसरा कुणी घेता येतो. हा मात्र कायम आज-उद्यावर. गुडघा, कंबर, 'विश्रांती', पुन्हा गुडघा. आयआरला चालत नाही, खेळतही नाही, जागा मात्र अडवून ठेवतो. आणि मार्च उजाडला, आमच्या प्लेऑफचे (मोसमाअखेरच्या बाद फेरीचे) आठवडे आले, की त्याच्या खऱ्या संघाचं स्थान पक्कं झालेलं असायचं. मग ते त्याला एप्रिलमधल्या खऱ्या प्लेऑफसाठी राखून ठेवायला लागायचे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. पण मला तो हवा होता मार्चमध्ये.

एनबीएने २०२३ मध्ये यावर नियम आणला, हे खरं. ऑल-स्टार दर्जाच्या दोघांना एकाच सामन्यात विश्रांती देता येत नाही, आणि एमव्हीपीसारख्या (सर्वोत्तम खेळाडू) मानांसाठी किमान ६५ सामने खेळावे लागतात. फरक पडलाय, नाही असं नाही. पण त्याच नियमात सवलत आहे: मोसमाच्या पहिल्या दिवशी ज्याचं वय ३५ आहे, किंवा ज्याची कारकिर्दीतली ३४,००० मिनिटं भरली आहेत, त्याला लागोपाठच्या दोन रात्रींपैकी एका रात्री बसवायची परवानगी संघ आधीच मागून ठेवू शकतो. म्हणजे तुम्ही ज्याच्यासाठी पोरं देऊ बघताय, नेमका त्यालाच सुट्टी.

फिनिक्सचा २०२३ चा व्यवहार या बाबतीत मला फार बोलका वाटतो. फेब्रुवारीत त्यांनी केविन ड्युरंटसाठी मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन, जे क्राउडर आणि पहिल्या फेरीचे चार पिक दिले, शिवाय २०२८ चा अदलाबदलीचा हक्क. घरच्या मैदानावर ड्युरंटचा पहिला सामना ८ मार्चला होता, आपल्याकडे ९ तारखेची सकाळ. वॉर्म-अपमध्ये बास्केटजवळून टाकायचा एक साधा ले-अप घेताना त्याचा पाय घसरला, घोटा मुरगळला, आणि सामना सुरू व्हायच्या आधीच तो बाहेर. तीन आठवडे गेले. तिकडे ब्रुकलिनला गेलेला ब्रिजेस मात्र त्या मोसमात ८३ सामने खेळला. मोसम ८२ सामन्यांचा असतो, पण दोन संघांची वेळापत्रकं जुळून आली आणि याने एकही सामना सोडला नाही. ब्रुकलिनकडून त्याची सरासरी २६ गुणांची पडली. ड्युरंट हा ब्रिजेसपेक्षा कितीतरी मोठा खेळाडू आहे, यावर वादच नको. पण रोज सकाळी मला कोण हवा आहे, असं विचाराल तर माझं उत्तर तयार आहे.

तरुणांच्या बाजूचं सगळ्यात मोठं उदाहरण ओक्लाहोमा सिटीचं, आणि ते इतकं बोललं गेलंय की थोडक्यात उरकतो. २०१९ च्या जुलैत क्लिपर्सनी पॉल जॉर्जसाठी शे गिल्जस-अलेक्झांडर, गॅलिनारी आणि पहिल्या फेरीचे पाच पिक दिले. शे तेव्हा एकच मोसम खेळला होता आणि त्यात ८२ च्या ८२ सामन्यांत उतरला होता. जॉर्ज क्लिपर्सकडून पाच मोसमांत ४८, ५४, ३१, ५६ आणि ७४ सामने खेळला आणि २०२४ मध्ये फिलाडेल्फियाला निघून गेला. क्लिपर्सना त्याबदल्यात काहीच मिळालं नाही. २०२५ ला शे एमव्हीपी, अंतिम फेरीचाही एमव्हीपी, संघ विजेता. त्या संघातला जेलन विल्यम्सही क्लिपर्सच्याच पिकातून आलेला. शेबद्दल तेव्हा सगळ्यांना कळलं होतं असं नाही. पण पोरगा रोज मैदानात उतरतोय, एवढं तरी दिसत होतं.

तरुणांचा त्रासही सांगायला हवा. वाट बघावी लागते, आणि वाट बघूनही सगळे घडत नाहीत. २०१७ ला बॉस्टनने पहिला क्रमांक फिलाडेल्फियाला देऊन तिसरा घेतला. फिलाडेल्फियाने त्यावर मार्केल फुल्ट्झ घेतला. त्याचा खांदा आणि त्याबरोबर त्याची शूटिंगची लय बिघडली, आणि दोन वर्षांच्या आत त्यांनी त्याला ऑरलँडोला देऊन टाकलं. पोरं राखणाऱ्याने हे गृहीत धरायलाच हवं: तिघांतला एक लागला तरी पुष्कळ. शिवाय लीगमधले मित्र दरवर्षी विचारतात, "तुझी पोरं मोठी कधी होणार?" ज्याला हे ऐकवत नाही त्याने या वाटेला जाऊ नये. मला त्याचं फारसं काही वाटत नाही. आपण घेतलेला पोरगा दुसऱ्या वर्षी डावा हात वापरायला लागतो, तिसऱ्या वर्षी दुहेरी बचावातून पास काढतो, हे बघण्यात मला आनंद आहे, आणि तो हरणाऱ्या मोसमातही मिळतो.

मधली वाटही आहे, आणि ती आपल्या मुंबईशी थोडीशी जोडलेली आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना यांच्यात सराव सामने झाले. सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. त्या सामन्यांत इंडियानाकडून खेळलेला डोमांटास सबोनिस २०२२ ला ट्रेड होऊन सॅक्रामेंटोला आला, बदल्यात टायरीस हॅलिबर्टन गेला. सबोनिस २५ चा, हॅलिबर्टन २१ चा. सॅक्रामेंटोने दुसऱ्याच वर्षी १६ मोसमांचा प्लेऑफचा दुष्काळ संपवला. इंडियाना हॅलिबर्टनच्या जोरावर २०२५ च्या अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत पोचली. पोरगा देणाऱ्यालाही काही मिळालं, कारण त्याने घेतलेला माणूस उतरणीला लागलेला नव्हता.

तेव्हा तुम्ही पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असाल, नेमका एकच माणूस कमी पडत असेल आणि समोरचा स्टार २८ च्या आत असेल, तर ट्रेड करा, मी आडवा येणार नाही. तुम्ही चौथे-पाचवे असाल आणि स्टार बत्तिशीच्या पुढचा असेल, तर मी तरी पोरं सोडणार नाही. तुमच्या लीगमध्ये जागा जास्त असतील, रोज बदल करायची मुभा असेल, तुम्ही अमेरिकेत राहत असाल आणि सामने संध्याकाळी येत असतील, तर तुम्हाला माझ्याइतका जाच होणार नाही, हेही मान्य.

घ्यायचंच ठरलं, तर ऑफर पाठवण्याआधी त्या स्टारच्या मागच्या दोन मोसमांतल्या मार्च महिन्याची सामनेवार नोंद उघडा. सरासरी बघू नका. लागोपाठच्या दोन रात्रींपैकी दुसऱ्या रात्री तो किती वेळा उतरला, तेवढंच बघा. तिथे मोकळे रकाने जास्त दिसले तर आधी ठरवलेल्या ऑफरमधून एक पोरगा काढून घ्या आणि मगच पाठवा.