यूडिस्की: दुकानात नऊ महिने वापरल्यावर

बेळगावात टिळकवाडीत आमचं डीटीपी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळांचे बॅनर, नोकरीचे अर्ज. गिऱ्हाईक खानापूर, निपाणीपासून पार चंदगडपर्यंतचं, आणि अजूनही बऱ्याच जणांच्या खिशात पेन ड्राइव्ह असतोच. काउंटरवरचा कॉम्प्युटर जुना, 4 जीबी रॅमचा. त्यावर डेबियन 12 (लिनक्सचा एक प्रकार) आणि ओपनबॉक्स (खिडक्या सांभाळणारा हलका प्रोग्रॅम) घातलंय. तुमच्याकडे ग्नोम किंवा केडीई असा पूर्ण डेस्कटॉप असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, पेन ड्राइव्ह लावल्यावर जोडून घ्यायची सोय तिथे आधीच असते. ओपनबॉक्समध्ये नसते. पहिले दोन आठवडे मी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी टर्मिनल उघडून माउंटची (ड्राइव्ह सिस्टमला जोडायची) कमांड टाइप करत होतो आणि समोरचा माणूस माझ्याकडे संशयानं बघत होता.

मग यूडिस्की घातलं. पायथॉनमधला हा छोटा प्रोग्रॅम आहे. खरं काम मागे चालणारी यूडिस्क्स ही सर्व्हिस करते, हा फक्त नवीन डिस्क आली की तिला ‘माउंट कर’ म्हणून सांगतो. ओपनबॉक्सच्या ऑटोस्टार्ट फाइलमध्ये एक ओळ टाकली, बस्स. पासवर्ड लागत नाही. मीडिया फोल्डरमध्ये पेन ड्राइव्हच्या लेबलाचं फोल्डर तयार होतं. लेबलच नसेल तर आकडे-अक्षरांचं काहीतरी नाव येतं, आणि एकाच लेबलाचे दोन ड्राइव्ह लावले की दुसऱ्याच्या नावापुढे 1 लागतो. लगीनसराईत दोन मेमरी कार्डं एकदम लावली तेव्हा या 1 मुळे मी एकाच्या अल्बमसाठी दुसऱ्याचे फोटो निवडत बसलो होतो.

आमच्याकडे फाइलींची नावं निम्मी मराठी, निम्मी कन्नड. ती जशीच्या तशी दिसतात, कारण फॅट (ड्राइव्हवर फाइली मांडायची जुनी पद्धत) ड्राइव्ह माउंट करताना यूडिस्क्स यूटीएफ-8 चा, म्हणजे सगळ्या लिप्या चालवून घेणारा, पर्याय स्वतःच लावतं.

सगळ्यात जास्त नाव मिळालं ते शॉर्टकट व्हायरसमुळे. कॉलेजचं एक पोरगं रडकुंडीला येऊन उभं होतं. पेन ड्राइव्हमध्ये फक्त एक शॉर्टकट दिसतोय, प्रोजेक्ट गेला म्हणे. हा व्हायरस खऱ्या फाइली एका बिननावाच्या फोल्डरमध्ये ढकलून त्याच्यावर ‘लपवलेलं’ अशी खूण करतो. लिनक्स फॅटवरची ती खूण मानतच नाही. इथे लावल्याबरोबर बिननावाचं फोल्डर समोर, आत प्रोजेक्ट. यात यूडिस्कीचं श्रेय काहीच नाही, पण पोरगं जाऊन सगळ्यांना सांगून आलं.

आता तक्रार. लावणं आपोआप होतं, काढणं नाही. ट्रेमधल्या चिन्हावर जाऊन अनमाउंट करावं लागतं आणि गिऱ्हाइकाला तेवढा दम नसतो. “झालं की न्हाई वो, काढू काय?” असं विचारेपर्यंत ड्राइव्ह त्याच्या हातात असतो. एका अक्कांच्या बॅनरची फाइल अशीच गेली. कॉपीची पट्टी 100 टक्के दाखवत होती, त्यांनी ड्राइव्ह काढला, आणि प्रिंटिंगवाल्याकडे अर्धीच फाइल उघडली. दोन खेपा त्यांना झाल्या, बोलणी मला.

कारण शोधायला आठवडा गेला. लिनक्स आधी सगळं रॅममध्ये घेतं आणि सवडीनं डिस्कवर लिहितं. पट्टी दाखवते ते बहुतांशी रॅमपर्यंतचं. फॅट32 च्या ड्राइव्हला यूडिस्क्स ‘फ्लश’ हा पर्याय लावतं, त्यामुळे तिथे लिहिणं लवकर उरकतं. पण 64 जीबीचे ड्राइव्ह बहुधा एक्सफॅट (फॅटचीच नवी पद्धत) असतात आणि त्याला हा पर्याय नाही. शेवटी सिसकंट्रोलमध्ये (लिनक्सच्या आतल्या सेटिंगमध्ये) ‘डर्टी बाइट्स’ची, म्हणजे डिस्कवर लिहायच्या बाकी राहिलेल्या डेटाची, मर्यादा 48 एमबीवर आणली. आता पट्टी गोगलगायीसारखी सरकते, पण सांगते ते जवळपास खरं असतं. अनमाउंट करावं लागतंच. सगळ्या कॉम्प्युटरचं लिहिणं याच मर्यादेत येतं, हा तोटा आहे. मला चालतो.

बॅकअपच्या डिस्कसाठी मात्र यूडिस्की नको. ती रोज तीच असते, म्हणून यूडिस्कीच्या कॉन्फिगमध्ये तिला ‘इग्नोर’ केलं आणि एफएसटॅबमध्ये (कायमच्या डिस्कांच्या यादीच्या फाइलमध्ये) तिचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, देऊन सिस्टमडीचा (लिनक्स सुरू करून सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा) ऑटोमाउंट लावला. फोल्डर उघडलं की डिस्क जोडली जाते आणि 60 सेकंद कुणी हात लावला नाही की सुटते. हे जमायच्या आधी मी एफएसटॅबमध्ये साधीच ओळ लिहिली होती, ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे चालू दे) या पर्यायाशिवाय. डिस्क घरी राहिली आणि सकाळी दुकान उघडलं तर कॉम्प्युटर दीड मिनिट तिची वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये. बाहेर अर्ज भरायला रांग. ‘नोफेल’ विसरू नका.

कधीकधी अनमाउंटला ‘बिझी’ म्हणून नकार येतो. बहुतेक वेळा माझंच एखादं टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उघडं असतं. एफयूझर ही कमांड चालवली की कोण अडवतंय ते कळतं.

मोबाईल यात येत नाही. केबल लावली तरी फोन एमटीपी या फाइली देण्याघेण्याच्या वेगळ्या पद्धतीनं बोलतो, डिस्क म्हणून दिसत नाही, त्यामुळे यूडिस्की गप्प बसतं. फोनवाल्यांना मी सरळ ई-मेल करायला सांगतो.